डेन्मार्क म्हणजे धेनुमार्ग : व्युत्पत्तीच्या जिलब्या घरच्या घरी

खरी व्युत्पत्ती लावण्यात लोकांची आयुष्यं जातात आणि शेवटी कोशात 'मूळ अनिश्चित' एवढंच छापून येतं. बनावट व्युत्पत्ती चहाला उकळी येईपर्यंत तयार होते, तिचं मूळ ठणठणीत निश्चित असतं, शिवाय परदेशात आपला झेंडा लागतो तो वेगळाच. तरीही कुटुंबाच्या ग्रुपवर फिरणारा बराचसा माल कच्चा असतो. तो पाक धरत नाही आणि भाषाविज्ञानात एम.ए. झालेली एखादी भाची एका प्रश्नात त्याचा भुगा करते. खालची कृती पाळली तर जिलबी निदान दोन दिवस कुरकुरीत राहते.

नमुन्यासाठी शब्द घेतला आहे डेन्मार्क. शेवटी तयार होणारं वाक्य असं: 'डेन्मार्क हा धेनुमार्ग या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश होय.' हे शंभर टक्के बनावट आहे. बघायला ठेवावं, खाऊ नये.

साहित्य

संस्कृत शब्दकोश, एक नग. वामन शिवराम आपट्यांचा चालेल. कोश जितका जाड तितका बरा, कारण आपल्याला शब्दांपेक्षा अर्थ जास्त लागतात. अमरकोशात एकट्या 'हरि'चे चौदा अर्थ दिले आहेत: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक आणि वर पिंगट रंग. एवढ्या भांडवलावर हॅरी, हॅरिस, हॅरिसन तर निघतातच, पण 'हरिकेन'ही निघतं. वारा यादीत आहेच. (खरा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून स्पॅनिशमार्गे आला. ही माहिती कंसातच राहू द्या.)

धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांची यादी, एक. त्यात सुमारे २००० धातू आहेत आणि त्यातल्या ढीगभर धातूंपुढे अर्थ लिहिला आहे 'गतौ', म्हणजे जाणे. 'गत्यर्थक ते सगळे ज्ञानार्थक' असं जुनं वचनही आहे. म्हणजे जाणारी वस्तू आणि जाणणारा माणूस एकाच धातूतून निघतात. बैलगाडी, नदी, प्राध्यापक, काहीही काढा.

आणि काय घरात नसावं तेही सांगायला हवं. मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारलेली आवृत्ती १८५७), कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश, ज्यूल ब्लॉकचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ. ही पुस्तकं शब्दाचं जुनं रूप दाखवतात. जुनं रूप दिसलं की पीठ फाटतं. माळ्यावर टाका.

शब्द निवडताना

नवशिके इथेच फसतात. ते रोजच्या वापरातला मराठी शब्द उचलतात आणि तोंडघशी पडतात. बटाटा, पगार, चावी, लिलाव, तुरुंग, घमेलं ही सगळी पोर्तुगीजांची देणगी. तूप आणि अडकित्ता कानडी. कोल्हापूर-सोलापूरकडचा कुणीही हे जेवता जेवता सांगेल. सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे 'शिवाय'. दिसायला शिव शब्दाची चतुर्थी, पंचाक्षरी मंत्रात आहे तशीच. पण 'चहाशिवाय चालत नाही' यातला शिवाय फारसीतून आलेला, मुळात अरबी 'सिवा'. त्याची व्युत्पत्ती शंकराला जोडलेली पोस्ट वर्षातून दोनदा तरी येतेच आणि दोन्ही वेळा कुणीतरी ती फोडतं.

म्हणून शब्द परदेशी घ्या. त्यातही देशाचं किंवा शहराचं नाव. देश सगळ्यांना माहीत असतो आणि त्याचं जुनं नाव कुणालाच माहीत नसतं. याहून सोयीची परिस्थिती नाही. पु. ना. ओकांनी व्हॅटिकन म्हणजे वाटिका आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती असं मांडून या पाककलेचा कित्ता घालून दिला आहे. लॅटिनमध्ये 'वाटिकानुस' हे त्या टेकडीचं नाव ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून होतं, ही अडचण त्यांना आड आली नाही. तुम्हालाही येऊ देऊ नका.

पीठ भिजवणं : स्वर काढा, व्यंजनं सैल करा

आधी सगळे स्वर काढून टाका. डेन्मार्कचं उरलं ड-न-म-र-क. मग व्यंजनांना अदलाबदलीची मुभा द्या. क, ख, ग, घ एकच. च-वर्गात य मिसळा (यमुनेची जमना होतेच). ट-वर्ग आणि त-वर्ग एक करा. प-वर्गात व घाला. सगळे अनुनासिक एक, र-ल-ळ एक, श-ष-स एक. ह वाटेत गळतो असं धरून चाला.

ही सूट केवढी आहे याचा हिशोब एकदा पेन घेऊन करा, हात खुलतो. सगळी व्यंजनं सात डब्यांत बसली. तीन व्यंजनांच्या शब्दाला ७ × ७ × ७ म्हणजे ३४३ कप्पे. समजा जाड कोशात असे दहा हजार शब्द आहेत. सरासरीने एका कप्प्यात २९ येतात. जपानी, झुलू, फिनिश, कुठल्याही भाषेतला तीन व्यंजनांचा शब्द आणा, २९ संस्कृत मूळं रांगेत उभी आहेत. आणि प्रत्येक मुळाला चार-पाच अर्थ. एवढ्यात जमलं नाही तर दोष शब्दाचा नाही, आळसाचा.

पाच व्यंजनं जड जातात, म्हणून शब्द मधून तोडून समास करा. ड-न अधिक म-र-क. दोन व्यंजनांचे कप्पे फक्त ४९, त्यामुळे पहिल्या भागाला खच्चून माल मिळतो: धन, दान, तनु, धेनु. दुसऱ्या भागाला मार्ग, मृग, मूर्ख. आता पाट्या जुळवा. धनमूर्ख (आर्थिकदृष्ट्या खोटं), तनुमृग (काहीच अर्थ नाही), दानमार्ग (जरा बरं), धेनुमार्ग. धेनुमार्ग! तिकडे गायी आहेत, लोणी आहे, चीज आहे. इथे थांबा. पहिल्यांदा अंगावर शहारा येतो तो शब्द घ्यायचा, आणखी शोधायचं नाही. शोधत राहिलात तर दानमार्गही तितकाच बसतो हे लक्षात येईल आणि मन उडेल.

अर्थाचा पूल

पुलाला फळ्या तीनपेक्षा जास्त नकोत. गाय, सूर्य, अग्नी, पाणी या फळ्या कुठेही बसतात. आपला पूल: धेनु, दूध, डेन्मार्कचं लोणी. दोनच उड्या, उत्तम. चौथी फळी लागली ('मार्ग म्हणजे नेणे, नेणे म्हणजे नौका, नौका म्हणजे व्हायकिंग') की वाचक मध्येच पाण्यात पडतो.

वाहकही ठरवून टाका: हा शब्द तिकडे कुणी नेला? व्यापारी चालतील, ऋषी जास्त चालतात. काळ मात्र 'प्राचीन' असा मोघम ठेवावा. साल दिलं की कुणीतरी वजाबाकी करतं.

शास्त्राचा मसाला

हा अर्धा चमचा. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला नियम सांगतो की मूळ भारोपीय भाषेतला (म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी वगैरेंच्या सामाईक पूर्वज भाषेतला) ध जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डॅनिशच्या घराण्यात, द होतो आणि ग चा क होतो. संस्कृत विधवा, इंग्रजी विडो. संस्कृत युग म्हणजे जू, इंग्रजी योक. संस्कृत गो, इंग्रजी काउ! आता धेनुमार्ग बघा: ध चा ड झालाय, ग चा क झालाय. दोन्ही जागा चपखल बसल्या. इतका नेमका योगायोग मिळाला की नवशिक्याला स्वतःचंच खरं वाटायला लागतं. हा आजार बरा होत नाही, सांभाळून.

ग्रिम वापरताना एक पथ्य. तो नियम वारशाने आलेल्या शब्दांना लागतो आणि तो बदल इसवी सनाच्या आधीच घडून संपला होता. मागाहून गायी घेऊन गेलेल्या ऋषींना तो लागू नाही. उसना शब्द ज्या रूपात पोचतो तिथून पुढे चालतो. तेव्हा एका पोस्टमध्ये एक तर ग्रिम ठेवा नाहीतर ऋषी ठेवा. दोघं एका पंगतीत बसले की भांडतात.

देशी परवाने हवे असतील तर मात्र चंगळ आहे. यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या त्याच्या प्राचीन ग्रंथात, स्वच्छ सांगितलंय: अर्थाचं साम्य धरून निर्वचन (शब्दाची फोड) करावं, तेही नसेल तर एखाद्या अक्षराच्या किंवा वर्णाच्या साम्यावरून करावं, 'न त्वेव न निर्ब्रूयात्', पण निर्वचन केलं नाही असं होता कामा नये. वर व्याकरणाच्या संस्काराची फिकीर करू नये हेही आहे. पाणिनीकडे 'उणादयो बहुलम्' आणि 'पृषोदरादीनि यथोपदिष्टम्' ही दोन सूत्रं. दुसऱ्याचा मतलब साधारण असा की काही शब्द नियमात बसत नाहीत, शिष्ट लोक म्हणतात तसेच ते घ्यावेत. काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, या सूत्राखाली मोर सापडतो: 'मह्यां रौति', पृथ्वीवर ओरडतो तो मयूर. ऐकायला गोड. गाढवही पृथ्वीवरच ओरडतं, हा विचार पाक होईपर्यंत बाजूला ठेवा.

यास्काला वेदमंत्राचा अर्थ खुलवायचा होता, शब्दाचा प्रवास शोधायचा नव्हता. त्याचं काम वेगळं होतं आणि त्यात तो थोर होता. आपण त्याचा फक्त परवाना उचलतो, काम उचलत नाही.

पाक : विद्यापीठी मराठी

हा भाग घाईत उरकू नका. जिलबी कशीही वेडीवाकडी पडली तरी पाकात बुडली की चालून जाते. कच्चं वाक्य: 'डेन्मार्क आणि धेनुमार्ग सारखे वाटतात.' यावर पहिला हात: 'उभय शब्दांतील ध्वनिसाम्य लक्षणीय आहे.' दुसरा: 'उभय शब्दांतील ध्वनिसाम्य व अर्थसाम्य लक्षात घेता त्यांच्यात जन्यजनकभाव कल्पिण्यास प्रत्यवाय नसावा.' झाला एकतारी. 'प्रत्यवाय नसावा' हे सोनं आहे. त्यात तुम्ही काहीच म्हटलेलं नसतं, आणि वाचणाऱ्याला आपणच आडवं येतोय असं वाटतं. शेवटी 'विद्वानांनी याचा अधिक शोध घ्यावा' घाला. विद्वान घेत नाहीत. काम झालं.

परिभाषा चिमूटभर. फोनीमला स्वनिम, मॉर्फीमला रूपिम किंवा पदिम. दोन्ही शब्द रूढ असल्यामुळे पहिल्या परिच्छेदात रूपिम आणि तिसऱ्यात पदिम लिहा. दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात असं वाटून वाचक मागे सरकतो.

सगळ्यात स्वस्त आणि असरदार मसाला म्हणजे तारका. ऐतिहासिक भाषाविज्ञानात शब्दाआधी * लावतात ते 'हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेवरून बांधलं आहे' हे कबूल करायला. सामान्य वाचकाला मात्र ती हमीची मोहोर वाटते. *धेनुमार्कः असं लिहून बघा, लगेच कोट-टाय घातल्यासारखं दिसतं. तारकेचा मोह मोठमोठ्यांना झाला आहे. आउगुस्ट श्लायशरने १८६८ मध्ये त्या अख्ख्या पुनर्रचित भारोपीय भाषेत मेंढी आणि घोड्यांची गोष्टच लिहून काढली. पुढच्यांनी तीच गोष्ट आपापल्या मताप्रमाणे पुन्हा लिहिली, १९३९ मध्ये, १९७९ मध्ये. मेंढी तीच, घोडे तेच, उच्चार दर पिढीला नवे.

काय बिघडतं आणि का

बिघाड बहुतेक भाचीपासून सुरू होतो. ती पहिल्यांदा विचारते, 'हाच नियम दुसऱ्या शब्दांना लागतो का?' हा प्रश्न जीवघेणा आहे, कारण खऱ्या व्युत्पत्तीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. कर्म, कम्म, काम. दुग्ध, दुद्ध, दूध. जोडाक्षराचं प्राकृतात द्वित्त झालं. मराठीत त्यातलं एक व्यंजन गेलं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. पंजाबीने द्वित्त सांभाळलं, म्हणून तिकडे अजून हत्थ, सत्त, कम्म. पाच शब्दांत नियम दिसला की सहावा आधी सांगता येतो. आता तोच नियम आपल्या मार्गावर चालवा: मार्ग, मग्ग, माग. चोराचा माग काढतात तो. आपल्या घरातच र टिकला नाही, मग तो उत्तर समुद्रापर्यंत चालत गेलेल्या गायींनी कसा सांभाळला? याला उत्तर नाही. नियम एकाच शब्दाला, एकदाच वापरायचा, हे पथ्य मोडल्याची ही शिक्षा.

दुसरा बिघाड साम्याचा. 'इतकं सारखं दिसतंय ते काय उगाच?' असं काका विचारतात. हो, उगाच. फारसीत 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजीत 'बॅड' म्हणजेही वाईट. दोघांचं नातं नाही. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला 'डॉग'च म्हणत आणि तो इंग्रजीतून आलेला नाही. तिथल्याच जुन्या 'गुदगा'सारख्या रूपाचा रीतसर झिजून तो झाला. उलट आर्मेनियन भाषेत दोनला 'एर्कु' म्हणतात आणि तो आपल्या 'द्वि'चा सख्खा भाऊ आहे, कारण द्व-च्या जागी एर्क येणं त्या भाषेत इतर शब्दांतही दिसतं. दिसण्यावर नातं ठरत नाही. लग्नाच्या आल्बममध्ये फोटोग्राफर आणि नवरदेव सारखे दिसले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, तसंच.

तिसरा बिघाड दगडाचा. डेन्मार्कमध्ये येलिंग गावी दहाव्या शतकातले दोन कोरीव दगड आहेत, एक गोर्म राजाचा, दुसरा त्याचा मुलगा हाराल्ड याचा, आणि दोन्हींवर देशाचं नाव आहे. रून लिपीत ते 'तान्मार्क'सारखं लिहिलंय. इथे पळून जायची एक फट आहे: त्या काळच्या रून लिपीत त-द ला एकच खूण आणि क-ग लाही एकच. म्हणजे शेवटी ग असूही शकतो, असं छाती ठोकून म्हणता येतं. पण स्वर? तिथे आ आहे. डेन लोक आजही 'डान्मार्क'च म्हणतात. आपण धेनूचा ए मारे अभिमानाने आणला तो इंग्रजी स्पेलिंगमधून. गोमाता लंडनमार्गे गेली की काय, असं भाची विचारते.

चौथा बिघाड लोण्याचा, आणि याने पूलच कोसळतो. डेन्मार्क लोण्यासाठी प्रसिद्ध झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. परदेशी स्वस्त धान्यापुढे तिथल्या शेतकऱ्यांचं धान्य पडून राहायला लागलं, तेव्हा ते दुभत्याकडे वळले; येडिंगची पहिली सहकारी डेअरी १८८२ ची. म्हणजे नाव दहाव्या शतकातलं आणि त्याचा 'पुरावा' टिळक-आगरकरांच्या काळातला.

डागडुजी

पकडले गेल्यावर घाबरू नका. 'अपभ्रंश' हा शब्द मिठासारखा, कशावरही भुरभुरावा. पतंजलीने महाभाष्यात दाखलाही नेमका गायीचाच दिलाय: एका 'गौः' शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अनेक अपभ्रंश. एका गायीचे चार होतात, तर पाचवा डेन्मार्क का नको? एवढ्याने भागलं नाही तर 'हे पाश्चात्यांनी दडपलं' हे वाक्य काढा. ते शेवटचं औषध आहे. त्यानंतर चर्चा भाषेवर राहत नाही, जी आपल्याला नकोच असते.

फक्त खरं उत्तर चुकून तोंडातून जाऊ देऊ नका. 'मार्क' म्हणजे सीमेवरचा मुलूख. डेन लोकांचा सीमाप्रदेश तो डान्मार्क. या 'मार्क'चे नातेवाईक म्हणजे लॅटिन 'मार्गो' आणि फारसी 'मर्झ', सीमा. मार्गोपासूनच इंग्रजीत आलं 'मार्जिन'. म्हणजे शाळेत बाईंनी लाल पेन्सिलीने आखायला लावलेली ती उभी रेघ डेन्मार्कची खरीखुरी नातलग आहे आणि आपला मार्ग नाही. हे धेनुमार्गापेक्षा जास्त रंजक आहे, म्हणून तर लपवायचं.

पीठ उरलं असेल तर आणखी एक घाणा निघतो. नॉर्वेतला फिनमार्क घ्या: फेनमार्ग, समुद्राच्या फेसाचा रस्ता, समुद्र तिथे आहेच. ऑस्ट्रियातला श्टायरमार्क: स्थिरमार्ग. नॉर्वेचाच टेलेमार्क: तैलमार्ग, नॉर्वेत तेल निघतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिन्ही एकेक करून, महिन्याच्या अंतराने वाढा. एका ताटात कधीही मांडू नका. ओळीने ठेवल्या की प्रत्येकीत 'मार्क' दिसतो, प्रत्येक वेळी तो कुठल्या तरी कडेचा मुलूख निघतो, आणि भाचीला तोंड उघडावंही लागत नाही.